पाणी चढतंय की उतरतंय?

धरमतरच्या खाडीकाठी एका त्रयोदशीला दुपारी दोनला मी चित्राला बसलो आणि साडेपाचला उठलो. समोर जाळी बांधायचे खुंट होते, त्यांच्या पलीकडे नांगर टाकून उभी असलेली एक होडी, तिच्यामागे तिवरांची काळपट रांग आणि बाकी सगळं आभाळ. बसलो तेव्हा पाणी उतरत होतं. खुंटांचा नुकताच उघडा पडलेला भाग ओला, काळाभोर दिसत होता आणि त्याच्या वरचा वाळून राखी झालेला. तो काळा पट्टा मला इतका आवडला की खुंट मी सगळ्यात आधी रंगवून घेतले. होडी राहिली शेवटाला, पाच वाजता. चित्र जमलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

तेवढ्यात चिंबोऱ्या धरून परतणारी एक मावशी, टोपली कमरेवर घेऊन, माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिचे पाय गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेले होते. तिने चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "पोरा, पाणी चढतंय का सुकतंय?"

"सुकतंय, मावशी," मी म्हणालो.

"मग होडीचं तोंड दर्याकडं कसं?"

नांगराचा दोर होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधलेला असतो. त्यामुळे पाणी जिकडून येतं तिकडे होडी तोंड करून राहते. सुकतीला पाणी नदीकडून समुद्राकडे जातं, म्हणून होडीचं तोंड नदीकडे. भरतीला उलट. माझ्या चित्रातले खुंट तीन वाजताच्या सुकतीचे होते आणि होडी पाच वाजताच्या भरतीची. मधल्या वेळात, पावणेचारच्या सुमाराला, पाणी थांबलं होतं आणि मग उलटं फिरलं होतं. मी तिथेच बसून होतो, ब्रश हातात होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

मावशी हसली नाही. तिने नुसतं बोट दाखवलं आणि निघून गेली. त्या एका प्रश्नावर माझी पुढची सगळी चित्रं उभी आहेत, या पुस्तकातलीसुद्धा. म्हणून प्रस्तावनेची सुरुवात तिच्यापासून केली.

हे पुस्तक खाजणाच्या चित्रांचं आहे. खाजण म्हणजे खाडीकाठची ती सपाट, चिखलाची, खाऱ्या झाडांची जमीन, जी दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा वर येते. गोव्यात हाच शब्द जरा वेगळ्या अर्थाने चालतो. तिथे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीला खाजण म्हणतात. रायगडात अशा जमिनीला खार म्हणतात. शब्दांची ही सरमिसळ मला खटकत नाही, कारण जमीनही तशीच आहे. बांध असेपर्यंत शेत, बांध फुटला की खाजण. पेण आणि अलिबागच्या बाजूला ज्या शेतात लहानपणी भाताच्या लोंब्या पाहिल्या, तिथे आज डोक्याएवढे तिवर उभे आहेत. उधाणाने बांधाला खांड पाडली, ती वेळेत बुजवली गेली नाही आणि खारं पाणी आत शिरलं. एकदा ते शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भात नीट येत नाही, आणि तेवढ्या अवधीत वाहून आलेलं तिवराचं बी रुजलेलं असतं. शेतकऱ्याचं नुकसान आणि खाडीचं परत येणं एकाच चौकटीत दिसतं. अशी चित्रं काढताना हात जड होतो.

आपल्या निसर्गचित्रांच्या परंपरेत खाजणाला जागा मिळाली नाही, असं माझं मत आहे. मुंबईत 1857 मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, 1888 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली आणि त्या वातावरणातून जलरंगाचे मोठे मोठे कलावंत आपल्याकडे झाले. सावळाराम लक्ष्मण हळदणकर तर सावंतवाडीचे, म्हणजे कोकणातलेच. तरीही त्या काळाची म्हणून मी जी निसर्गचित्रं पाहिली त्यांत नाशिकचा घाट आहे, देवळं आहेत, डोंगर आहेत, बाजार आहेत. कोकण आलं तर माडांची बाग येते, पुळण येते, किनाऱ्याला ओढलेल्या होड्या येतात. खाडीचा चिखल क्वचितच. याला कारणही तसंच आहे. घाटाला पायऱ्या असतात, देवळाला कळस असतो, डोळ्याला धरायला काहीतरी उभं असतं. खाजणात सगळं आडवं. चित्रकार तिथे उभा राहतो आणि म्हणतो, यात काढायचं काय?

काढायची ती वेळ. खाजणाचा आकार कायमचा नसतो, तो पाण्याच्या उंचीवर ठरतो. सकाळी आठला जिथे पाण्याची एकसंध चादर आहे तिथे दोनला चिखल, वळणावळणाचे ओहोळ, उघडी पडलेली मुळं आणि शंभर बगळे. जागा तीच, चित्रं दोन. म्हणून रंगांच्या आधी भरतीचं गणित यायला हवं, असं मी शिकायला येणाऱ्यांना सांगतो. ते गणित कोळ्यांकडे पिढ्यान् पिढ्या आहे आणि त्याला पंचांगापलीकडे काही लागत नाही. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला आठ पाऊण सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याला लागू पडतो. खाडीत जितकं आत जावं तितका उशीर त्यात मिळवायचा.

या साध्या गुणाकारात चित्रकारासाठी एक मोठी ठेव आहे, ती ध्यानात यायला मला कितीतरी वर्षं लागली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती येते भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमाराला, म्हणजे सुकती येते सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं तसंच सगळ्यात खालीही उतरतं. याचा अर्थ असा, की महिन्यातला सगळ्यात रुंद, सगळ्यात उघडा चिखल आपल्याकडे नेमका सूर्य क्षितिजावर असताना दिसतो. तिरपा, तांबूस उजेड आणि मैलभर ओला गाळ. उलट अष्टमीला, भांगाच्या दिवसांत, सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला खाडी भरलेली असते, शांत, आणि पाण्याचा चढउतारही थोडा. एखाद्याला लालसर उजेडातलं भरलेलं पाणी हवं असेल आणि तो पौर्णिमेच्या संध्याकाळी गेला, तर त्याला पाणी मिळणारच नाही. आभाळाचा अंदाज चुकतो, हा चुकत नाही.

उंचीचंही तसंच. मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. दक्षिणेकडे जावं तसा हा पल्ला कमी होत जातो आणि गोव्यात मुरगावपाशी दोन मीटरच्या आसपास येतो. उत्तरेला खंबातच्या आखातात तोच दहा मीटरच्या घरात जातो. म्हणून ठाण्याच्या किंवा धरमतरच्या खाडीचं चित्र म्हणजे चिखलाचं चित्र आणि मांडवीकाठचं चित्र म्हणजे पाण्याचं व बांधाचं चित्र, असा फरक आपोआप पडतो. मांडवीतल्या चोडण बेटावर बसून मी रायगडातला चिखल शोधत होतो. तो तिथे नव्हता, आणि त्या आठवड्यातली सगळी चित्रं खोटी झाली. जी जागा समोर आहे तिचंच पाणी काढायचं, हे तिथे शिकलो.

पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासाला एकूण चढणीचा बारावा भाग, दुसऱ्या तासाला दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चार मीटरची चढण धरली तर मधल्या दोन तासांत पाणी दोन मीटर वर येतं, दर पाव तासाला जवळजवळ वीतभर. आणि सपाट चिखलावर वीतभर उंची म्हणजे कितीतरी पावलांची जमीन. म्हणून मी सुकतीच्या आधीचा अर्धा आणि नंतरचा अर्धा असा एकच तास कागदावर काम करतो. त्या तासात दृश्य जवळजवळ स्थिर असतं. सुरुवातीच्या दहा मिनिटांत पेन्सिलीने पाण्याची रेघ ठरवतो आणि ती पुन्हा हलवत नाही. समोरचं पाणी पुढे सरकलं तरी माझ्या कागदावरचं तिथेच. हा हट्ट धरल्याशिवाय खाजणाचं चित्र उभं राहत नाही.

आता चिखल. 'चिखलाचा रंग' असा एक रंग मनात धरून जो बसतो त्याचं चित्र मातकट होतं. ओला चिखल दूरवर चिखलासारखा दिसतच नाही. आपली नजर त्याच्यावर जितकी तिरपी पडते तितकं त्याच्यात आभाळ जास्त उमटतं. पायाशी बघाल तर गाळ, पन्नास पावलांवर गाळ आणि आभाळ मिसळलेलं, आणि क्षितिजापाशी निव्वळ आभाळ, तेही किंचित मंद. म्हणून मी आधी सगळा कागद भिजवून आभाळाचाच रंग खालपर्यंत उतरवतो आणि चिखल त्याच्यावर, खालून वर, पातळ होत जाणारा असा देतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्यातून जितके राखी निघतात तितके पुरतात. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि गाळाचा दाणेदारपणा आपसूक येतो. जोडीला यलो ऑकर ठेवतो, त्याचं कारण सांगायला हवं.

उघड्या पडलेल्या चिखलाकडे तासभर बघत राहिलं तर त्याच्यावर सोनेरी-तपकिरी झाक चढताना दिसते. ती उन्हाची नव्हे. गाळात डायटम नावाचे एकपेशीय जीव असतात. पाणी उतरलं आणि उजेड आला की ते पृष्ठभागावर सरकतात आणि भरती यायच्या आधी पुन्हा आत जातात. चिखलाचा रंग खरोखरच बदलतो, जिवंत गोष्टीमुळे बदलतो. हे समजल्यापासून त्या झाकेकडे दुर्लक्ष करणं मला जमलेलं नाही. आणि त्याच चिखलात पाय टाकला की ठसा निघतो तो निळसर काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा. वरच्या पातळ थराखाली हवा पोचत नाही, तिथे लोखंड आणि गंधक यांचं मीलन होऊन तो काळेपणा येतो. वरून सोनेरी, वीतभर खाली काळा. या पुस्तकात एका चित्रात फक्त पावलांचे ठसे आहेत, बारा-तेरा, ओळीने काठाकडे गेलेले. ते त्याच काळ्यासाठी काढलं.

ओहोळांचं सांगतो, कारण नवशिक्यांचं नव्वद टक्के चित्र तिथे बिघडतं. सुकतीला चिखलातून उतरणारं पाणी नागमोडी वाटा करतं. त्यांची वळणं मोहक असतात आणि हात त्यांना सापासारखं उभं काढू लागतो. मग जमीन भिंतीसारखी उभी राहते. डोळा चिखलापासून पाच फुटांवर असेल तर दूरची वळणं दबून जवळजवळ आडव्या रेघा होतात. रुंद वळण फक्त पायाजवळचं. मी विद्यार्थ्यांना काठावर उकिडवं बसायला सांगतो, मग बांधावर उभं राहायला सांगतो आणि दोन्ही वेळा तोच ओहोळ काढून घेतो. दोन रेखाटनं शेजारी ठेवली की बोलावं लागत नाही.

हिरव्याबद्दल थोडक्यात. ट्यूबमधला हिरवा खाजणात चालत नाही. तिवराचं पान वरून गर्द पण निस्तेज आणि खालून रुपेरी असतं. त्याच्या अंगावर मिठाचे कण साचतात, जिभेला लागतात. वारा सुटला की अख्खी रांग एका झटक्यात रुपेरी होते आणि परत काळी होते. चिपीचा हिरवा जरा पिवळसर, मोकळा. पांढरी चिपी 2020 मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. तिची पांढरी फुलं रात्री उमलतात आणि पहाटे पाण्यावर त्यांच्या केसरांचा सडा पडलेला असतो. कांदळाच्या मुळांच्या कमानी काढायला सगळ्यांना आवडतं. मला ओढ आहे ती तिवराच्या श्वासमुळांची. चिखलातून बोटभर-वीतभर वर आलेली, हजारोंनी, पेन्सिली खोचल्यासारखी. चिखलात हवा नाही म्हणून झाड त्यांच्यातून श्वास घेतं. ती एकेक काढली तर चित्र काटेरी होतं. कोरड्या ब्रशने आडवा हात फिरवावा आणि पुढच्या दहा-बाराच नीट काढाव्यात. त्या दहा-बारांवर मात्र पाण्याची रेघ बरोबर हवी. पाण्यालगतचा भाग ओला की कोरडा, यातून मावशीचं उत्तर मिळतं.

बाहेरच्या चित्रकारांपैकी दोघांचं ऋण मानतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार यान फान खोयेन याने क्षितिज इतकं खाली ठेवलं की चित्राचा बहुतेक भाग आभाळच झालं, आणि तपकिरी-राखी अशा मोजक्या रंगांत त्याने नदीमुखांची हवा पकडली. दुसरा अमेरिकेचा मार्टिन जॉन्सन हीड, 1819 ते 1904. त्याने तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीची शंभराहून जास्त चित्रं काढली. तोच सपाट प्रदेश, तेच वळणाचं पाणी, खुंटांवर रचलेल्या खाऱ्या गवताच्या गंजी, आणि दर वेळी वेगळा उजेड, वेगळं पाणी. एकच विषय शंभर वेळा काढता येतो आणि तो संपत नाही, हा धीर मला त्याच्याकडून मिळाला. पण त्याची दलदल गवताची आहे. थंड प्रदेशात हिमतुषाराने खारफुटी टिकत नाही. आपल्या खाजणात झाडं आहेत, ती क्षितिज अडवतात. त्याचं मोकळेपण उचलून इथे आणता येत नाही. इथे उजेड तिवरांच्या फटींतून येतो आणि तो तसाच काढावा लागतो.

एक दुखणं आहे, ते लपवत नाही. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबवण्याचा आदेश दिला. 2012 पासून राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. ठाणे खाडीचं रोहित पक्षी अभयारण्य 2022 मध्ये रामसर यादीत आलं. हे सगळं झालं आणि चांगलं झालं. तरीही माझ्या बसायच्या तीन जागांवर आज राडारोडा आहे. रात्री ट्रक येतात, भराव टाकतात, भरतीचं पाणी पोचेनासं होतं आणि तिवर उभ्या उभ्या वाळतात. त्यांना तोडावं लागत नाही. लोक अजूनही या जमिनीला पडीक म्हणतात. जिथे निवटी चिखलावर उड्या मारतात, शेकाट्या लांब पायांनी चालतो, तुतवार शेपूट हलवत काठाकाठाने फिरतो, कालवं फोडणाऱ्या बायांचा दिवस ज्या जमिनीवर चालतो, ती पडीक कशी? त्या तीन जागांची चित्रं पुस्तकात आहेत. भरावाची नाहीत. मी ती काढायला बसलो होतो, दोनदा. हात चालला नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एकट्याने चिखलात उतरू नका. गाळ कुठे घोट्याएवढा आणि कुठे कमरेएवढा, हे वरून कळत नाही. स्थानिक माणसाच्या पावलावर पाऊल टाकावं आणि भरती फिरायच्या आत बांधावर यावं. आणि कागद जाड घ्या, तीनशे ग्रॅमचा. पावसाळ्यात खाडीकाठी तो वाळत नाही. आभाळाचा हात दिल्यावर अर्धा-अर्धा तास थांबावं लागतं आणि त्या अर्ध्या तासात बघायला इतकं असतं की मला पावसाळाच आवडू लागला आहे. वैशाखात उलट. वाऱ्याने रंग कागदावर टेकायच्या आत सुकतो, तेव्हा पहाटेशिवाय बसू नये.

चित्रं मी काढल्याच्या सालाप्रमाणे लावलेली नाहीत. तिथीप्रमाणे लावली आहेत, एका अष्टमीपासून पुढच्या अष्टमीपर्यंत. भांगापासून सुरुवात केली म्हणजे पाणी आधी थोडंच हलतं, मग रोज जास्त, पुस्तकाच्या मध्यावर उधाण येतं आणि चिखल पानभर पसरतो, आणि शेवटी पुन्हा शांत होतं. धरमतरचं ते जुनं चित्रही त्रयोदशीच्या पानावर ठेवलं आहे, दुरुस्त न करता. खुंट सुकतीचे, होडी भरतीची.

पहिलं चित्र अष्टमीच्या सकाळी साडेसातचं आहे. भरलेली खाडी नुकतीच उतरू लागली आहे, खुंटांवर बोटभर ओला पट्टा दिसतोय. होडीचं तोंड नदीकडे आहे.